आपले अजून आले नाहीत

घड्याळजींनी चिमट्याची टोकं घेवड्याच्या पानाखाली सरकवली, श्वास रोखला आणि काळा किडा अलगद उचलला. किड्याने हवेत सहाही पाय झाडले. लांबीला अर्ध्या पेराएवढा, अंगभर बारीक काटे, कुशीवर नारिंगी डाग. एकूण ध्यान असं, की जन्मदात्या आईलाही लाडकं वाटू नये. घड्याळजींनी तो साबणाच्या पाण्याच्या बरणीत सोडला, झाकण लावलं आणि पुढचं पान उलटलं.

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेसातपर्यंत घेवडा, आठपर्यंत टोमॅटो, सव्वाआठला कोबी, मग चहा. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस बागेतसुद्धा वेळापत्रक घेऊनच शिरणार, त्यात नवल काय. हत्यारंही तीच. किड्याला बोट लावायची त्यांना किळस यायची, म्हणून बारीक स्क्रू उचलायचा चिमटा ड्रॉवरमधून बाहेर आला होता. आणि नियमही तोच: यंत्रात जे असायला नको ते दिसलं, की काढायचं. धूळ असो, केस असो, गंज असो. काळे काटेरी किडे पानावर असायला नकोत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा बघितलं की पटत होतं.

बाग म्हणजे घरामागचे चार वाफे, एक नळ, आणि भिंतीवर चढलेला काकडीचा वेल. पण ती त्यांची नव्हतीच. ती हॅलोबाईंची होती. हॅलोबाई म्हणजे त्यांची बायको. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून लोकांचे फोन जोडून दिले म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी नाव काही सुटलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी हॅलोबाई दूरच्या शहरात लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि दोन महिने तरी येणार नव्हत्या.

जाताना बॅगेची चेन ओढता ओढता त्या म्हणाल्या होत्या,

“मी आले की गवंड्याला बोलवायचं. फरशी करून टाकू मागे.”

“बागेची?”

“मग कशाची? माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. आणि तुम्हाला ते जमायचं नाही.”

“का नाही जमायचं?”

“तुम्ही निवडुंग मारलात.”

अठरा वर्षांपूर्वी खिडकीतल्या निवडुंगाला घड्याळजींनी न चुकता रोज सकाळी आठ वाजता पाणी घातलं होतं, आणि महिन्याभरात तो कुजून आडवा झाला होता. हे उदाहरण त्या घरात अजून खणखणीत चालत होतं. हॅलोबाईंच्या बोलण्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. पलीकडच्या माणसाची लाइन लागत नाही, एवढं कळवावं तसं त्यांनी कळवलं होतं.

घड्याळजींना मात्र ते फार लागलं. बाग त्यांना भाजीसाठी नको होती. भाजी बाजारात मिळते. त्यांचं दुरुस्तीचं टेबल मागच्या खोलीत, बरोब्बर खिडकीशी होतं. सव्वीस वर्षं डोळ्यावरचं भिंग काढून मान वर केली, की समोर वाफ्यात वाकलेली बायकोची पाठ दिसायची. कधी डोक्याला रुमाल, कधी हातात खुरपं, कधी स्वतःशीच चाललेली बडबड. ती फोनवर कधी एक शब्द जास्त बोलायची नाही, पण वांग्याशी तासभर बोलायची. फरशी झाली तर त्या खिडकीतून काय बघायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता. तो विचारायची छाती नव्हती. इतक्या वर्षांनी असं काही बोलायला लाज वाटते. शिवाय तिने सरळ सांगितलं असतं, ‘मग पडदा लावा.’

म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की ती येईल तेव्हा बाग अशी ठेवायची, अशी ठेवायची, की तिच्या तोंडून फरशी हा शब्दच निघू नये.

मार्गदर्शन फ्रिजवर चिकटवलेलं होतं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे हॅलोबाईंनी तारेच्या भाषेत लिहिलं होतं:

‘टोमॅटो, कोबी – हिरवी अळी. दिसली की काढणे. दयामाया नको.

मावा – पाण्याने धुणे.

मधमाशी – आपली.

लाल, काळ्या ठिपक्यांचे – आपले. मावा खातात. हात लावू नये.

बाकी शंका आल्यास फोन.’

मावा कसला असतो हे घड्याळजींना पहिल्याच आठवड्यात कळलं. घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळपट किडे इतके दाटीवाटीने बसले होते, की देठ दिसत नव्हता. सगळे रस पीत होते. घड्याळजींनी पाणी मारलं, मावा धुऊन निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आणि त्याच्या मागोमाग ते काळे काटेरी राक्षस, माव्याच्या गर्दीतून आपल्याच बापाचं राज्य असल्यासारखे फिरणारे. कागदावर त्यांचा उल्लेख नव्हता. ‘शंका आल्यास फोन’ असं लिहिलं होतं, पण घड्याळजींना शंकाच आली नाही, तर फोन कशाला करायचा?

फोन रोज संध्याकाळी सातला हॅलोबाईंचाच यायचा.

“मावा?”

“आहे. वाढलाय.”

“आपले आले का?”

“आपले अजून आले नाहीत.”

“येतील. दरवर्षी येतात. पाणी मारा.”

“मारतोय.”

“ठेवते.”

घड्याळजी रोज त्या लाल ठिपकेवाल्यांची वाट बघत होते. सुरुवातीला दोन-चार दिसले होते, पानामागे पिवळी अंडीही दिसली होती. पण पुढे काही नाही. मावा वाढत चालला, घेवड्याची पानं चिकट होऊन मुडपायला लागली. घड्याळजी कसोशीने बरणी भरत होते. इतकं राबूनही आपले का येत नाहीत, हे त्यांना कळेना. ते थोडे रुसलेसुद्धा त्या लाल मंडळींवर.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी फोन सकाळीच आला. सहा वाजून दहा मिनिटांनी.

“मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.”

“केव्हा?”

“चार वाजून सत्तावीस मिनिटांनी. मुद्दाम बघून ठेवलं, तुम्ही विचाराल म्हणून.”

“कुणासारखी आहे?”

“अजून कुणासारखी नाही. ठेवते.”

घड्याळजी रिसीव्हर हातात धरून थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या, आरशात स्वतःकडे बघितलं, आणि कुणाला तरी सांगायला हवं म्हणून बागेत गेले.

टोमॅटोच्या दुसऱ्या झाडाची दोन फांद्यांची पानं कुणीतरी पार ओरबाडून खाल्ली होती. नुसत्या शिरा उरल्या होत्या. घड्याळजींनी चष्मा वर केला, झाड खालून वर तपासलं, आणि एका देठाला चिकटलेली अळी सापडली. बोटाएवढी जाड, झाडाच्याच रंगाची, शेपटाला एक शिंग. त्यांनी चिमटा पुढे नेला आणि थांबले.

अळीच्या पाठीवर पांढरे दाणे होते. वीस-पंचवीस तरी, उभे, एकमेकांना खेटून. अळी खात नव्हती. हलतही नव्हती. पाठीवरचा सगळा पसारा सांभाळत, मान खाली घालून नुसती बसली होती.

“लेकुरवाळी दिसतेस गं,” घड्याळजी म्हणाले.

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, दयामाया नको. पण लिहिणारीने ही अशी बघितली नसणार. निदान आजच्या दिवशी तरी त्यांच्याने ते होईना. इकडे चार वाजून सत्तावीस मिनिटांनी आपल्या घरात पोर जन्माला आलं आणि सात वाजता आपण दुसरीची पंचवीस साबणात बुडवायची, हे काही बरं नाही. त्यांनी चिमटा खिशात घातला. लग्नानंतर बायकोचा लेखी हुकूम मोडायची ही पहिलीच वेळ होती.

मग त्यांना राहवेना. इतक्या बारक्या पोरांना नाक-डोळे असतात तरी का, ते बघावं म्हणून ते आत गेले आणि टेबलाचा वरचा ड्रॉवर उघडून भिंग काढलं. दुरुस्तीची कामं बंद केल्यापासून, दोन वर्षं, ते कापडात गुंडाळून पडलं होतं. भिंग डोळ्याला लावलं, भुवई खाली ओढली, आणि ते तसंच बसलं. हाडाला सवय होती.

दाण्यांना नाक-डोळे नव्हते. दाणे रेशमासारख्या धाग्याने विणलेले होते, शिवणयंत्राच्या बॉबिनसारखे गच्च. म्हणजे आत कुणीतरी होतं. घड्याळजींनी आदराने मान मागे घेतली, आणि भिंग न काढताच वळले. शेजारच्या वाफ्यातला घेवड्याचा शेंडा टोमॅटोच्या काठीवर येऊन चढला होता, तो अचानक भिंगासमोर आला. त्यावर एक काळा काटेरी होता.

त्याने तोंडात एक मावा धरला होता. मावा पाय झाडत होता. काळ्याने तो निवांतपणे चोखून रिकामा केला, साल टाकून दिली, दोन पावलं पुढे गेला आणि दुसरा उचलला.

घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून वेळ लावली. अकरा मिनिटांत चार.

ते नळाशेजारच्या पालथ्या बादलीवर बसले. बरणी समोर कट्ट्यावर होती. बरणीत बराच काळा गाळ साचला होता. तिच्याकडे त्यांना धड बघवेना. आता शंका आली होती, तेव्हा फोन करायला हरकत नव्हती. पण आज ती नातीला मांडीवर घेऊन बसली असेल, आणि आपण काय सांगायचं, की मी निवडुंगाच्या पुढे गेलोय?

त्यांनी फोन केला नाही. त्या काळ्याला मात्र पानासकट आत आणलं आणि टेबलावर ठेवलं. घड्याळाच्या उघड्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून झाकायचं काचेचं भांडं होतं, ते त्याच्यावर पालथं घातलं. कडेला आगपेटीची काडी सरकवून हवेची सोय केली. रोज सकाळी मावा लागलेला एक ताजा शेंडा. सात वाजून वीस मिनिटांनीच. सवय ती सवय.

चार दिवस त्याने भरपूर खाल्लं. पाचव्या दिवशी शेपटीने पानाला चिकटून बसला, पाठीला पोक आलं आणि खाणं-हिंडणं बंद झालं. घड्याळजींनी भांड्यावर टिचकी मारून बघितली. काही नाही.

“हेही गेलं,” ते रिकाम्या खोलीत म्हणाले. निवडुंगाची आठवण आली आणि मन खट्टू झालं. पण भांडं उचलून पान फेकायचं काही त्यांच्या मनात येईना.

आणखी पाच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, ते टेबलाशी बसून चहा पीत होते. पोक आलेल्या त्या टरफलाला पाठीवर चीर पडली. घड्याळजींनी कप खाली ठेवला आणि भिंग चढवलं. आतून काहीतरी ओलसर, पिवळं, गोल बाहेर आलं. लोण्याच्या गोळीसारखं. अंगावर एक रेघ नाही, एक डाग नाही. ते टरफलाशेजारी बसून राहिलं. घड्याळजीही बसून राहिले. साडेअकराला त्या पिवळ्या पाठीवर राखाडी सावली पडल्यासारखं झालं. बारा वाजता ती सावली गोळा होऊन एक ठिपका झाली. मग डावीकडे एक, उजवीकडे एक. जेवणाची वेळ टळली. दोनपर्यंत सात ठिपके नीट मोजता येत होते आणि पिवळा रंग नारिंगीकडे झुकला होता. संध्याकाळी उन्हाची तिरीप टेबलावर आली तेव्हा काचेखाली एक लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा ऐटीत फिरत होता.

घड्याळजींनी भिंग काढलं आणि डोळे पुसले. भिंगाने डोळ्याला पाणी येतं, ते एक कारण झालं. पण त्यांना खरंच फार वाईट वाटलं. आपले आले होते. केव्हाच आले होते, रोज येत होते, आणि रोज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते त्यांना चिमट्याने उचलून साबणात टाकत होते. आणि संध्याकाळी फोनवर सांगत होते, की अजून आले नाहीत.

त्याच आठवड्यात लेकुरवाळीचाही निकाल लागला. तिच्या पाठीवरच्या दाण्यांना वरून झाकणं होती, घड्याळाच्या मागच्या झाकणासारखी गोल आणि नीट बसवलेली. ती एकेक करून उघडली आणि आतून डासाहून बारीक, काळ्या माश्या बाहेर पडून पंख झाडत उडून गेल्या. अळी मात्र रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. पोरं तिची नव्हतीच. कुण्या माशीने आपली अंडी तिच्या अंगात घातली होती आणि पोरांनी तिला आतून खाऊन बाहेर येऊन घरं बांधली होती. घड्याळजींना हे सगळं एकदम उमगलं नाही; पण पुढच्या पंधरवड्यात टोमॅटोवर आणखी चार अळ्या दिसल्या, त्यातल्या तिघींच्या पाठीवर तोच पांढरा पसारा होता आणि त्या पान खायच्या थांबल्या होत्या, तेव्हा ध्यानात आलं. विचारपूर्वक केलेलं सगळं चुकलं होतं, आणि जी चूक म्हणून केली होती ती टोमॅटोला पावली होती. घड्याळजी स्वतःशीच हसले. हसता हसता बरणीकडे नजर गेली आणि हसू थांबलं.

“मावा?” सातच्या फोनवर विचारणा झाली.

“कमी होतोय.”

“आपले आले का?”

“आले.”

“बघा. सांगितलं होतं की नाही?”

मागे नात रडत होती. बारीक, पण चिकाटीचा आवाज.

“आता कुणासारखी दिसतेय?” घड्याळजींनी विचारलं.

“तुमच्यासारखी. दर तीन तासांनी, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. ठेवते.”

हॅलोबाई परत आल्या त्या दिवशी घड्याळजी पहाटेपासून बाग झाडत होते. झाडून झाल्यावर बागेत काय दिसत होतं ते असं: टोमॅटो लाल होऊन काठ्या वाकल्या होत्या. कोबीचे गड्डे घट्ट बांधले होते. काकडी भिंत ओलांडून पलीकडे डोकावत होती. आणि घेवड्याची एक अख्खी ओळ वाळून काळी पडली होती. पानोपानी लाल ठिपकेवाले फिरत होते. बरणी स्वयंपाकघरात ओट्याखाली, फडक्यामागे होती. ती मोरीत ओतून विसळून टाकली असती, तर जगात कुणाला काही कळलं नसतं. दोनदा त्यांनी ती उचललीही होती.

हॅलोबाईंनी चप्पलसुद्धा न काढता मागचं दार उघडलं. भिंतीला हात टेकत त्या वाफ्यांच्या मधून हळूहळू चालल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून जे कमरेच्या वर होतं तेवढंच हाताने चाचपत होत्या. एका पानावर दोन लाल किडे होते, तिथे जरा थांबल्या.

“ठेवलीत की बाग,” त्या म्हणाल्या.

एवढ्यासाठी घड्याळजी दोन महिने राबले होते. आता नुसतं ‘हं’ म्हणायचं बाकी होतं.

“थांब,” ते म्हणाले, आणि आत जाऊन बरणी घेऊन आले.

मागच्या पायरीवर हॅलोबाईंना खुर्ची दिली आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिमटा, सात वाजून वीस, काचेचं भांडं, पिवळी गोळी, सात ठिपके. लेकुरवाळीचंही सांगितलं, हुकूम मोडला तेही. घेवड्याची ओळ कुणामुळे गेली, तेही. हॅलोबाई बरणी उजेडात धरून आतल्या गाळाकडे बघत होत्या.

“ही त्यांची पिल्लं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“हो.”

“हे काळे? काटेवाले?”

“तेच. मी डोळ्यांनी बघितलं.”

हॅलोबाईंनी बरणी मांडीवर ठेवली.

“मी अंगठ्याने चिरडते यांना,” त्या म्हणाल्या. “दिसला की चिरडायचा. इतकं अंगवळणी पडलं होतं, की कागदावर लिहायचंसुद्धा सुचलं नाही. सव्वीस वर्षं झाली.”

घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या घरात बागेबद्दल हॅलोबाईंचं काही चुकू शकतं, ही बातमीच नवीन होती. त्यांना ती साजरी करावीशी वाटली नाही.

“आणि तरी दरवर्षी येतात हो,” हॅलोबाई हळूच म्हणाल्या.

“येतात,” घड्याळजी म्हणाले. “चल आत. दाखवतो.”

त्यांनी घेवड्याच्या उरलेल्या वेलाचा एक शेंडा तोडला, तो टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला आणि आपल्या खुर्चीत बायकोला बसवलं. भिंग तिच्या डोळ्याला कसं बसवायचं हे दाखवायला जरा वेळ लागला. भुवई खाली ओढली की तिला हसू यायचं आणि भिंग पडायचं. तिसऱ्यांदा ते बसलं. हॅलोबाई पुढे झुकल्या.

“खातोय,” त्या म्हणाल्या. “काय हावरट आहे.”

“मोठा व्हायचाय त्याला.”

“अहो, पाठीवर काटे नाहीत हे. केसांचे झुबके आहेत. उगीच भ्यायलो आपण.” मग भिंग न काढताच म्हणाल्या, “इथे बरं दिसतं. खाली वाकावं लागत नाही.”

“चाळीस वर्षं घड्याळं काय जमिनीवर बसून दुरुस्त केली का मी?” घड्याळजी म्हणाले. “वाकायचं नसेल तर काम वर आणायचं.”

ते सहज बोलून गेले. हॅलोबाई शेंडा फिरवून दुसरी बाजू बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गवंडी आला. त्याला हॅलोबाईंनी लेकीच्या घरी असतानाच फोन करून सांगून ठेवलं होतं. मागच्या दारातून तो बागेत शिरला तेव्हा घड्याळजी कोबीशी उभे होते. गवंड्याच्या हातातली टेप त्यांना दिसली. ते बाजूला झाले. गवंड्याने भिंतीपासून नळापर्यंत नजर फिरवली.

“एवढी सगळी फरशी ना काकू?”

“फरशी नको,” हॅलोबाई म्हणाल्या. “वाफे करायचेत. विटांचे, वर उचललेले. टोमॅटो राहू देत खाली, बाकी तीन उंच करा.”

“उंच म्हणजे किती?”

“टेबलाएवढे. उभं राहून काम करता आलं पाहिजे.”

गवंड्याने मान डोलावली आणि टेप सोडवून हॅलोबाईंच्या कोपराकडे नेली.

“माझं नका घेऊ दादा,” त्या म्हणाल्या. “यांचं घ्या.”

घड्याळजींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली. पण गवंडी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता.

“काका, हात असा वाकवा. कोपराच्या वीतभर खाली धरू.”

घड्याळजींनी हात वाकवला.

“आणि तू?” त्यांनी विचारलं.

“मी काय, बसेन त्या खिडकीशी. सव्वीस वर्षं तुम्ही बसलात, आता मला बसू द्या.” भिंतीला हात टेकत हॅलोबाई दाराकडे निघाल्या. “आणि पाणी माती बघून घालायचं. घड्याळ बघून नाही.”

घड्याळजी वाकवलेल्या हाताने तसेच उभे राहिले. टेप खालून वर आली आणि कोपराशी थांबली. मागच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग खिडकीची एक झडप उघडली, मग दुसरी.

“अहो,” आतून आवाज आला, “जरा डावीकडे सरका. नीट दिसत नाही मला.”

घड्याळजी डावीकडे सरकले. गवंड्याला माप पुन्हा घ्यावं लागलं.